उसळलं तर कच्चं

इमलाबाई कवठ डोक्याच्या उंचीवरून सोडते,
खाली दगडावर.
उसळलं तर कच्चं, परत तणसात, आठ दिवस.
धप्पकन बसलं तर पिकलं.
"मानसाचंबी असंच रायते, मॅडम," म्हणते
आणि कसं असते ते सांगत नाही.

झाड तिथं, जिथं शेवटचा धुरा संपतो
आणि वनखात्याचा पिवळा फलक लागतो:
एकट्याने जाऊ नये.
म्हणून आम्ही पाच जणी, एक थाळी, एक पळी.
थाळी वाजवायचं काम माझं,
काट्यांत हात घालायचं धाडस होत नाही.
कवठाचा काटा सुईसारखा टोचतो
असं मी बोलून गेले, तर सगळ्या हसल्या.
या गावात सुया मीच टोचते.

येताना कुंपणावरच्या येरोण्या.
बायका ओटीत घेतात, खातात, आठोळ्या थुंकतात;
पुढच्या वर्षीचं कुंपण असंच लागत जातं.
मूठभर उरल्या त्या पातेल्यात. रंगासाठी.

गर उकळला, घरभर आंबूस वास.
माझं जुनं सुती पातळ चौपदरी करून
दांडीला गाठोडं बांधलं, खाली गंज ठेवला.
थेंब.
बराच वेळ काही नाही.
थेंब.
मी हात लावायला गेले.
"पिळू नोका! पिळलं का गढूळ होते.
रातभर टपकू द्या. याचं ते येते."

रात्री दोनला दार वाजलं. पुनमची वेळ भरली होती.
पहाटेपर्यंत सलाईनकडे बघत बसले,
मिनिटाला वीस थेंब, घड्याळ लावून.
घरचे थेंब कोणीच मोजले नाहीत.
सहाला मुलगी झाली, दोन किलो सातशे,
आणि गंजात तळापासून चार बोटं,
लालसर, आरपार दिसणारं.

बाटल्या गावातून आल्या.
खोकल्याच्या औषधाच्या तीन, लेबलं खरवडलेल्या,
लोणच्याची एक, मोहरीचा वास न सोडणारी,
सरपंचीणबाईंची कॉफीची, झाकण परत पाहिजे या अटीवर.
रेवता गेडामची रक्तवाढीच्या औषधाची होती,
मीच दिलेली, अजून अर्धी भरलेली.
मला बघून तिनं ती अंगणात ओतली
आणि पदराने पुसून पुढे केली.

साखर, जाळ, ढवळणं.
बशीत थेंब टाकायचा, बोटाने रेघ ओढायची,
रेघ तशीच राहिली की झालं.
माझी रेघ मिटत होती.
पुन्हा जाळ. पुन्हा मिटली.
साखर कमी, की लाकूड ओलं, की माझीच घाई:
टेबलावर जिल्हा परिषदेचा कागद,
गुरुवारी जिवतीला रुजू व्हायचं.
शेवटी होतं तसंच भरलं, पातळ.
"सरबत म्हनून पिऊन घेऊ," इमलाबाई म्हणाली.
मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली असेल,
किंवा तिला तेच आवडत असेल.

मूल. चंद्रपूर. राजुरा.
गडचांदूरनंतरच्या वळणावर पिशवी कलंडली
आणि बाटली सीटखालून गडगडत
कंडक्टरच्या बुटाशी गेली.
झाकण निघालेलं. मी डोळे मिटले.
त्यानं उचलली, आडवीच धरली.
आतलं हललं नाही.

मी फोन काढला. रेंज नव्हती.
तिकडे पाच घरांत जमलं असेल का,
की त्यांनी गुरुवारीच पिऊन टाकलं?
रेवतानं तर नक्कीच ओतलं असेल,
तिला त्या बाटलीचा राग आहे.

"काय हाये, औषध?"
मी म्हटलं, हात करा.
त्याच्या तळहातावर तिकिटांची शाई होती,
तिच्यावर चमचाभर लाल, थरथरणारं.
त्यानं चाटलं. विचार केला.
"गोड कमी हाये," म्हणाला,
हात पँटला पुसला
आणि घंटीची दोरी ओढली.